जिन्याचा ठराव

मंगळवारी दुपारी नोरीन टॅकेट घरी नसते, हे मार्लो फेरी गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या मुलाला, जेसला, जरा जास्तच ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात ती सेवा क्लबाच्या बैठकीला गेली असताना त्याने घरातला पाणी तापवायचा बंब काढून विकला. बंब म्हणजे काही अंगठी नव्हे, की मुठीत दाबून न्यावी. तो माणसाएवढा असतो आणि नळाला जोडलेला असतो. शेजारणीने तर त्याच्यासाठी दार धरून ठेवलं होतं. तिला वाटलं, पोरगा अखेर घरातलं काहीतरी दुरुस्त करायला लागला.

त्यानंतर नोरीनने कुलूप बदललं, नवा बंब घेतला आणि बैठकीला जाणं चालूच ठेवलं. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई. ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी नाही पोचली तर तिला चक्कर आल्यासारखं व्हायचं.

या मंगळवारी मात्र जेस तिच्याच गाडीत बसला होता, चर्चच्या आवारात, अंगाभोवती गोधडी गुंडाळून. सकाळी तो स्वयंपाकघराच्या बाहेरच्या दाराशी येऊन उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "आई, मला त्या घरात जायचंय. आज म्हणतोय. उद्याचं मला विचारू नकोस."

ते घर म्हणजे लुअ‍ॅन फ्रायचं व्यसनमुक्ती घर. लुअ‍ॅन स्वतः त्याच चिखलातून वर आलेली. तिच्याकडच्या सगळ्या खाटा भरलेल्या होत्या, पण माळ्यावर चार खाटांची जागा रिकामी होती. आग लागली तर माळ्यावरून उतरायला दुसरी वाट नाही, म्हणून सरकारी निरीक्षक तिथे कोणाला झोपू देत नव्हता. घराच्या मागच्या भिंतीला बाहेरून एक लोखंडी जिना लागला, की प्रश्न मिटला. आणि जिना व्हायचाय एवढा क्लबाचा ठराव जरी हातात पडला, तरी निरीक्षक तात्पुरती परवानगी देणार होता.

"ठराव झाला तर आज रात्री त्याला वर गादी टाकून देते," लुअ‍ॅन फोनवर म्हणाली होती. "नाही झाला, तर माझ्या हातात काही नाही गं."

पाहुणे वक्ते बोलावणं हे क्लबात नोरीनचंच काम होतं. तिने लुअ‍ॅनलाच बोलावलं.

चर्चच्या तळघरात घंटा झाली. झेंड्याची शपथ झाली, गाणं झालं. कुस्करलेल्या बटाट्यावर कोंबडीच्या शेवया आणि बाजूला हिरवी जेली असं जेवण पानात पडलं. जेलीत किसलेलं गाजर होतं. ते का असतं, हे क्लबात कोणी कधी विचारलं नव्हतं.

मग दंडाचा कार्यक्रम. दंड गोळा करायचा मान व्हर्जिलकडे होता. हा निवृत्त विमा एजंट. प्रथा अशी, की आठवड्यात ज्याचं नाव गावच्या पेपरात छापून येईल त्याने हसतहसत डब्यात एक डॉलर टाकायचा. नातवाने भोपळ्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं, टाक डॉलर. लग्नाला चाळीस वर्षं झाली, टाक डॉलर.

"टॅकेट, पान चार," व्हर्जिल पेपर बघत ओरडला. "चल नोरीन, काढ."

पान चारवर पोलिसांच्या बातम्या असतात. शेतकी दुकानातून कोंबड्यांच्या खुराड्याचा दिवा उचलल्याबद्दल जेस टॅकेट, वय एकतीस.

काटेचमचे थांबले. नोरीनने पर्स उघडली आणि डब्यात डॉलर टाकला.

"मी नुसतं आडनाव बघितलं गं," व्हर्जिल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "परत घे तो."

"डब्यातून पैसे परत काढायची नियमात सोय नाही," अध्यक्ष हार्लन ओगल हळू आवाजात म्हणाला. हार्लनचा धंदा अंत्यविधीचा, त्यामुळे तो काहीही बोलला तरी सांत्वन केल्यासारखं वाटायचं. "फार तर तू स्वतःला दंड कर."

व्हर्जिलने स्वतःला दोन डॉलर दंड केला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि वातावरण निवळलं, असं सगळ्यांनी ठरवलं.

लुअ‍ॅन उठली. "मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "मला जिना हवाय." मग तिने माळ्याचं सांगितलं, निरीक्षकाचं सांगितलं. "रोज कोणीतरी दारात येऊन 'आज' म्हणतं. मी सांगते, नाव लिहून जा. दोन-तीन आठवड्यांनी फोन करते, तर कधी आई उचलते, कधी कोणीच नाही."

हार्लनने चष्मा काढून डोळे पुसले. "खरं सांगू? माझ्या धंद्याला कधी नव्हे एवढी बरकत आहे आणि मला तिचा वीट आलाय. हे थांबवलंच पाहिजे."

"जिना मी करतो," डीन क्रॅबट्री म्हणाला. हा गावचा वेल्डर. तोंडात शेवया असतानाच बोलला, म्हणजे मनापासून बोलला. "लोखंड पडलंय माझ्याकडे. पंधरा दिवसांत उभा करतो."

गाडीत गोधडी घेऊन बसलेला जेस नोरीनला आत्ताच माळ्यावर झोपलेला दिसायला लागला.

"एक शंका," व्हर्जिल म्हणाला. "जिन्यावरून कोणी पडलं तर?"

"आत्ता जिन्याशिवाय पडतायत," लुअ‍ॅन म्हणाली.

"हे फार छान बोललात. पण विमा कंपनी छान बोलण्यावर चालत नाही ना, बाई."

"आणि पाटी कुठे लागणार?" हार्लनने विचारलं. क्लबाचा नियमच होता, की प्रत्येक कामावर पितळी पाटी हवी आणि ती रस्त्यावरून दिसायला हवी. पाट्या हार्लनच्याच दुकानात तयार व्हायच्या. "मागच्या भिंतीला लावली तर ती फक्त कचऱ्याच्या गाडीवाल्याला दिसेल."

"मग जिना पुढून लावू," डीन म्हणाला.

"पुढे पोर्च आहे," लुअ‍ॅन म्हणाली.

"पोर्च पाडू."

"पोर्च पाडायला मंजुरी लागते," व्हर्जिल म्हणाला.

पोर्चवर बरीच चर्चा झाली. पोर्च चांगला की वाईट, कोणाच्या आजोबांनी बांधला, त्यांचा तंबाखूचा व्यवसाय कसा बुडाला. लुअ‍ॅन कधी या तोंडाकडे बघायची, कधी त्या. शेवटी डीनच्याच डोक्यात प्रकाश पडला.

"अरे, माझ्याकडे एक बाकडं तयार आहे की."

तळघरात सुटकेचा सुस्कारा फिरला. क्लब आजवर बाकडीच देत आला होता. नदीकाठी बाकडी, शाळेपुढे बाकडी, जिथे बस येणं बंद झालंय त्या थांब्यावर दोन बाकडी. बाकड्यावरून आजवर कोणी पडलं नव्हतं आणि पाटी थेट रस्त्याकडे बघायची.

नोरीन उभी राहिली. "बाकड्याचं काय करायचं?"

"बसायचं," डीन म्हणाला.

"कोणी?"

"जे वाट बघतायत त्यांनी," हार्लन म्हणाला. अगदी मायेने म्हणाला, हेच वाईट होतं. "सध्या बिचारे पायरीवर बसतात. तर मग, अनुकूल कोण?"

नोरीनचा सोडून सगळे हात वर गेले. प्रतिकूल कोण, हे विचारताना हार्लनने घंटेचा हातोडा उचललाही होता, कारण त्या क्लबात कोणी कधी प्रतिकूल नसायचं. आता नोरीनचा हात वर होता. हार्लनला वाटलं, तिला काही बोलायचंय.

"पुढच्या मंगळवारी पहिलं तुझंच ऐकू, नोरीन." एक वाजला होता. एक वाजता बैठक संपते. युद्धातसुद्धा संपली होती. त्यातून दीडला हार्लनकडे एक अंत्यविधी होता. एकविशीची मुलगी.

घंटा झाली. लुअ‍ॅनच्या हातात क्लबाचं चिन्ह छापलेला कॉफीचा मग आला.

जेस गाडीतच होता. नोरीन आत येऊन बसली आणि तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"काय झालं?"

"बाकडं दिलं."

तो हसला. दोन वर्षांत तिने त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. तिला वाटलं होतं ते बदललं असेल, पण लहानपणचंच होतं, नाकातून येणारं.

"गादी आहे का त्यावर?"

"नाही रे. चल घरी. सोफ्यावर झोप आजचा दिवस. मी जागी राहते."

"नवा बंब घरात असताना मला झोप येईल का, आई?" त्याने गोधडीची नीट घडी घातली आणि मागच्या सीटवर ठेवली. "मी चेष्टा करत नाहीये. खरंच नाही येणार."

तो दार उघडून उतरला आणि रेल्वेपुलाच्या दिशेने गेला. तिने गाडी त्याच्या मागे घातली. पुलाखालून गाडी जात नाही, माणूस जातो.

शनिवारी लुअ‍ॅनच्या घरापुढे बाकड्याचं उद्घाटन झालं. लाल फीत होती, टेनिसच्या रॅकेटएवढी कात्री होती आणि पेपराचा फोटोवाला होता. बाकड्याच्या बरोबर मध्ये लोखंडी दांडा उभा होता. क्लबाच्या सगळ्या बाकड्यांना तो असतो, कोणी आडवं होऊ नये म्हणून. पाठीवर पितळी पाटी होती. वर क्लबाचं नाव, खाली मोकळी जागा, आणि त्यापुढे 'यांच्या स्मरणार्थ'.

"इथे कोणाचं नाव?" नोरीनने विचारलं.

"पाटीचा साचाच तो आहे," हार्लन म्हणाला. "स्मरणार्थ त्यात येतंच. सध्या कोणी नाही ना, म्हणून सोडलंय." मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि तो कात्री पुसायला लागला.

जेस आला. ठरवून आला की रस्ता तिथूनच जात होता म्हणून, देव जाणे. चार दिवसांत त्याचा चेहरा आत ओढला गेला होता. फितीखालून वाकून तो बाकड्यापाशी गेला, आडवा व्हायला बघितलं, दांडा लागला, मग बसला. बसल्या बसल्या त्याची मान छातीवर आली. त्याला उठवायचं की काय करायचं, कोणाला कळेना. लुअ‍ॅनने पुढे होऊन दोन बोटांनी त्याची नाडी बघितली. "झोपलाय," ती म्हणाली. "खाट आज रिकामी नाही, नोरीन. बुधवारी झाली होती. मी तुझ्याकडे फोन केला. कोणी उचललाच नाही."

बुधवारी नोरीन त्याला शोधत दिवसभर पुलाच्या पलीकडच्या बाजूला फिरत होती.

ती दांड्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. लोखंडावरून हात घालून तिने त्याची बाही धरली आणि पाठ मागे टेकवली. पाटी बरोबर तिच्या खांद्यांमागे गेली.

"बाई, जरा सरकता का?" फोटोवाला म्हणाला. "पाटी झाकली जातेय."

नोरीन सरकली नाही.

"नोरीन, अगं, पाटीशिवाय फोटो काय कामाचा," हार्लन म्हणाला.

ती नाहीच सरकली. मंडळी मागे ओळीने उभी राहिली. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून व्हर्जिल बोलला. "फोटो छापून आला ना, की मंगळवारी डॉलर टाकावा लागेल हं."

"दोन टाकीन," नोरीन म्हणाली. "तोही येईल फोटोत."