बेचाळीस पायऱ्या

"आता हे सरळ झालेत, डॉक्टर. लिफ्टमध्ये मावायचे नाहीत," सिस्टर म्हणाल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या टेबलावर नव्या हॉस्पिटलचा पहिला पेशंट पडला होता. धंद्याने टेलर. अपेंडिक्सच्या कळांनी पाय पोटाशी घेऊन आला, म्हणून खुर्चीत बसवून लिफ्टने वर नेता आलं. ऑपरेशन उत्तम झालं. तिथेच घोटाळा झाला.

लिफ्ट निवडायला डॉक्टर आणि त्यांची बायको जोडीने गेले होते. आत उभे राहिले, ऐसपैस वाटलं, ठरवून टाकली. पेशंट आडवे असतात हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. दोघांतला एक सर्जन होता.

"राहू दे इथेच दोन दिवस," डॉक्टर म्हणाले. "टेबल चांगलं आहे."

"आणि खाली आतडं अडकलेली बाई आलीय, तिला कुठे घेऊ? तुमच्या टेबलाखाली?"

सिस्टर पेन्शनची सरकारी नोकरी सोडून इथे आल्या होत्या. दुसराच पेशंट परत पाठवला तर तिसरा येणार नाही, हे त्यांना कळत होतं. जुन्या जागी कोणी परत घेणार नाही, हेही.

चादरीची चार टोकं चौघांनी धरली: डॉक्टर, सिस्टर, वॉचमन आणि काउंटर सोडून आलेली डॉक्टरांची बायको. टेलर कमरेखाली बधिर होता, वर मात्र पूर्ण जागा.

"लिफ्टचं माप कोणी घेतलं?" त्याने विचारलं.

"मीच," डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

"उभ्याउभ्या?"

"हो."

"कापड असतं तर पट्टी जोडून दिली असती."

"बोलू नका हो, टाके ताणतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वळणावर डॉक्टरांनी टोक या हातातून त्या हातात घेतलं.

"सोडा तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. "याच हातांनी त्या बाईला कापायचंय." आणि त्यांचं टोकही स्वतःच्या डाव्या खांद्यावर ओढून घेतलं.

बाई वाचली. हॉस्पिटलही. मोठी लिफ्ट यायला मात्र नऊ वर्षं गेली. तोवर बेचाळीस पायऱ्या, चार टोकं, त्यातली दोन सिस्टरांच्या त्याच खांद्यावर. खाटेवर गप्प असणारी माणसं जिन्यात भडाभडा बोलायची. एकाने चौदाव्या पायरीवर सख्ख्या भावाला माफ केलं आणि खाली पोचल्यावर शब्द फिरवला. सिस्टरांनी तो खटला पुढे कित्येक वर्षं रंगवून सांगितला.

मग डॉक्टर थकले, हॉस्पिटल एका कंपनीने घेतलं. कंपनीने सगळ्यांना तयार कोट पाठवले. सिस्टर आपला घेऊन टेलरकडे गेल्या.

"बसत नाही हो दादा. मीच वाकडी झालेय बहुतेक."

टेलरने चष्म्यावरून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. टेप गळ्यातच राहिला. डावा खांदा उसवला, आत अर्धा इंच जाडीची पट्टी जोडली, शिवला, इस्त्री फिरवली.

सिस्टर कोट घालून आरशापुढे उभ्या राहिल्या. दोन्ही खांदे सरळ दिसत होते.