दौलतरावांचं दुखणं

वाशिमजवळच्या मालेगावच्या बाजार समितीत दौलतरावांनी तेवीस वर्षं सोयाबीन-तुरीची बोली पुकारली. लकवा मारला त्या दिवशी उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तोंडातून नुसतं ‘आ, आ’ निघे. लिहिलेलं समोर धरलं, तर रेघोट्या पाहाव्यात तसे पाहत राहायचे.

चार महिन्यांनी त्यांनी जेवण सोडलं. ताट आलं की ढकलून द्यायचे. मग डाव्या हाताने स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायला लागले. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या वाढवल्या. बायको वैजयंतीबाई रडल्या, ओरडल्या, पाया पडल्या. शेवटी थोरले दीर मारोतराव म्हणाले, “डोकं फिरलं त्याचं. हात बांध, नाई तर डोळा फोडून घेईल.”

वैजयंतीबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि नवऱ्याचा तो एकच चालता हात खाटेला बांधला.

चाकणला कंपनीत असलेल्या लखनने, त्यांच्या मुलाने, लॅपटॉप पाठवला. टाइप केलं की मशीन वाचून दाखवतं, म्हणाला.

“अरे, त्यायले अक्षरंच समजत नाईत!” वैजयंतीबाई फोनवर म्हणाल्या.

मग त्याने मोठा मोबाइल पाठवला, चित्रांचा. चित्रं नखाएवढी. हात सोडून दिला तर बोट थरथरे, भलतंच उघडे, मधेच जाहिरात वाजे. दौलतरावांनी मोबाइल भिंतीवर आपटला आणि पुन्हा तोंडात मारून घ्यायला लागले. पट्टी पुन्हा बांधावी लागली. हा माणूस आता माझ्या डोळ्यादेखत उपाशी मरणार, असं त्या दिवशी वैजयंतीबाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी मारोतरावांना खाटेपाशी बसवून त्या वाशिमला गेल्या. तीन दुकानांनी आणखी महाग, आणखी नवं दाखवलं. चौथं दुकान संघपालचं, जुने कंप्युटर दुरुस्त करायचं. त्याने काहीच दाखवलं नाही. विचारलं, “काकू, काकाले सांगायचं काय हाये?”

“तेच त समजून नाई राह्यलं, बाप्पा!” आणि त्या भर दुकानात रडायला लागल्या.

संघपालने एक जुना टॅब घेतला. त्यातलं सगळं काढून टाकलं. एकच पान, त्यावर तळहाताएवढे सहा चौकोन. “फोटो काढा, अन् तुमच्या आवाजात नाव सांगा. दोनच गोष्टी. घरातलाच तांब्या, घरातलंच ताट. बाजारातली चित्रं नको.” त्याने दोन तास बसवून त्यांच्याकडून ते करून घेतलं. ‘दुखते’साठी त्यांनी स्वतःचंच तोंड वाकडं करून फोटो काढला.

घरी आल्या आल्या त्यांनी तांब्या, ताट, चादर, सगळ्यांचे फोटो घेतले. मग पट्टी सोडली.

“काहून सोडला हात?” मारोतराव ओरडले.

दौलतरावांनी तांब्या दाबला. “पाणी,” बायकोचा आवाज आला. ते दचकले. मग खालच्या चौकोनावर बोट गेलं.

“दुखते.” पुन्हा. “दुखते. दुखते. दुखते.”

“कुठं? कुठं दुखते जी?”

त्यांनी तोंडावर मारायला हात उचलला. वैजयंतीबाईंनी सवयीने तो धरला. मग दुसऱ्या हाताने कसाबसा संघपालला फोन लावला. “कुठं दुखते, ते कसं विचारू?”

“काकाचेच फोटो काढा,” तो म्हणाला. “अंगाचा एक एक भाग.”

डोकं, छाती, पोट, गुडघा, पाऊल, तोंड. सहा फोटोंचं दुसरं पान झालं. दौलतरावांनी तोंड दाबलं. मग बोट उचललंच नाही.

वैजयंतीबाईंनी बॅटरी घेऊन त्यांचा जबडा उघडला. उजव्या गालाच्या आत कधीचं अन्न अडकून कुजलं होतं. मागच्या दोन दाढा सडून हिरडीतून पू येत होता. घाण वासाने मारोतराव मागे सरले.

“तुमी दाखवून राह्यले होते,” त्या म्हणाल्या. “दाखवून राह्यले होते, अन् मी हात बांधला.”

मारोतरावांनी गाडी काढली. मालेगावच्या दातांच्या डॉक्टरने दोन दाढा काढल्या. तिसऱ्या दिवशी दौलतरावांनी वाटीभर पातळ खिचडी खाल्ली. ती भरवताना वैजयंतीबाईंना त्यांच्या नजरेला नजर देता येईना.

बोलणं काही परत आलं नाही. चित्रं मात्र वाढत गेली, आता चाळीसच्या वर आहेत. परवा संध्याकाळी दौलतरावांनी सगळी पानं उलटली. एकही चित्र दाबलं नाही. शेवटाला पोचले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाहिजे ते चित्र त्यात नसावं, म्हणून वैजयंतीबाई टॅब घेऊन पळाल्या. गोठ्याचा फोटो काढला, बाहेरच्या रस्त्याचा, शेजाऱ्यांच्या दाराचा, लखनच्या लग्नातल्या फोटोचा फोटो. प्रत्येकाला दौलतरावांनी नकारार्थी मान हलवली.

“मंग कशाचा काढू?” त्या खाटेजवळ खाली बसल्या. “कशाचा काढू, सांगा ना.”

दौलतरावांनी डाव्या हाताने टॅब बाजूला सारला आणि ते वैजयंतीबाईंकडेच पाहत राहिले.