आठवं अक्षर

कुरामोची छाती काढून उठला, तेव्हाच फुसाएबाई मनात म्हणाल्या, ये बाबा, ये. ये पिंजऱ्यात.

ओझूच्या हायकू मंडळात कवितेखाली नाव नसतं. सगळ्यांच्या चिठ्ठ्या मिसळायच्या, दुसऱ्यांनी त्या उतरवून काढायच्या म्हणजे अक्षरही ओळखू येत नाही. मग आवडेल ती निवडून तिची चिरफाड करायची आणि शेवटी कवीनं आपणहून नाव सांगायचं. म्हाताऱ्या कात्सुरागी गुरुजींची गादी आज कुणाला तरी मिळणार होती. फुसाएबाईंनी तिच्यासाठी उभा जन्म घासला होता. आणि हे कालचं पोरगं, गुरुजींचे जोडे सरळ करून ठेवणारं! त्याला कवितेतलं काय कळतंय, डोंबल! एकदा सर्वांसमोर तोंडघशी पडलं की विषय मिटला.

म्हणून बाईंनी गुरुजींच्या सगळ्या खोडी कोंबून, त्यांचीच वाटावी अशी एक भिकार कविता मुद्दाम रचली होती:

हिवाळी चंद्र
काठीशेजारी बेडूक
एकटा मीही

मधल्या ओळीत अक्षरं सात हवीत, इथे आठ. ऋतू एकच हवा, तर चंद्र हिवाळ्यातला आणि बेडूक वसंतातला. गेल्याच बैठकीत असल्या आठव्या अक्षरावरून ह्याच कुरामोचीनं बाईंची सालटी काढली होती.

"काय ही रचना!" गुरुजींकडे बघत कुरामोची पाघळला. "हे आठवं अक्षर म्हणजे म्हातारपणाचं अडखळणं. आणि हिवाळ्यात बेडूक! चुकल्या वेळी जागा झालेला जीव. भाव असा, की घशात आवंढा येतो हो."

चाट मेल्या, चाट. बाईंना हसू आवरेना.

"कवी कोण?" वाचणाऱ्यानं विचारलं. बाईंनी तोंड उघडलं, तोच गुरुजी म्हणाले, "कात्सुरागी."

खोटं बोलत नव्हते ते. हल्ली आपण जेवलो की नाही, हेसुद्धा त्यांना सुनेला विचारावं लागे. "जमली बुवा अजून एक," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

बाईंचं नाव जिभेवरच राहिलं. सांगावं तर म्हाताऱ्याची चारचौघांत शोभा, न सांगावं तर गादी त्या लाळघोट्याला. त्यांनी गार झालेला चहा उचलला आणि तोंड त्यातच घातलं.

"मंडळ आता कुरामोची बघेल," गुरुजी म्हणाले. मग मायेनं वळले. "फुसाएबाई, मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला अक्षरं मोजता येतात हो, पण दुसऱ्याचं एकटेपण कसं ओळखावं, ते शिका याच्याकडून."

"शिकते, गुरुजी," म्हणत बाई चटईला कपाळ टेकेपर्यंत वाकल्या.