शांत झाली म्हण

काळाचौकीच्या घाडींकडे दिवा कधी विझत नसे, तो शांत व्हायचा. ‘विझला’ हा शब्द मालनबाईंनी अभद्राला राखून ठेवला होता. दिवा आपणहून गेला तरच तो तोंडातून निघायचा, तोही घाबऱ्या आवाजात. सहज म्हणणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसे. त्यांची मुलगी अपेक्षा आणि तिचा धाकटा भाऊ स्वप्नील, दोघांनीही ते भरपूर खाल्ले होते.

अपेक्षा आता परळच्या टॉवरमधल्या बँकेत होती. खाडीपलीकडच्या एका गॅस प्लांटला तिच्या विभागाने कर्ज दिलं होतं. चिमणीच्या टोकावर रात्रंदिवस जळून वाया जाणारा गॅस यंत्राने गोळा करायचा आणि विकायचा, म्हणजे हवाही वाचेल. ज्योत बंद झाली की बँक कर्जाचा पुढचा हप्ता देणार. बंद झाल्यावर तो गॅस जातो कुठे, हे विचारायला मात्र एवढी शिकलेली माणसं विसरली. स्वप्नील त्याच प्लांटवर ऑपरेटर होता.

गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता.

“ताई, ज्योत विझली!”

“शांत झाली म्हण, गाढवा! सांगू आईला?” अपेक्षा आनंदाने खुर्चीतून उठलीच.

“ऐक ना, साहेबांना सांग पटकन—”

“आत्ता सांगते!”

तिने फोन ठेवला आणि आपल्या साहेबांना सांगितलं. पेढे आले. संध्याकाळी टीव्हीवर प्लांट पेटलेला दिसला.

खरं काय ते स्वप्नीलच्या पाळीतल्या जोडीदाराने, राजरत्नने, हॉस्पिटलात सांगितलं. यंत्र सुरूच झालं नव्हतं. वाऱ्याने ज्योत गेली आणि न जळलेला गॅस आवारात साचू लागला. पुन्हा पेटवू म्हटलं, तर प्लांटचा साहेब म्हणाला, “बँकेला बंदच हवीय ना? राहू दे.” आता त्याला फक्त बँकच सांगू शकत होती, म्हणून स्वप्नीलने बहिणीला फोन लावला होता. अपेक्षाला स्वतःच्या त्या आनंदाची किळस आली.

दहाव्यापर्यंत जपायचा स्वप्नीलचा दिवा कोपऱ्यात तेवत होता. मालनबाईंनी वात पुढे सारली.

“शेवटचो फोन तुकाच केल्यान ना? काय म्हणालो गो?”

अपेक्षाने दिव्यात तेल घातलं.

“ज्योत शांत झाली, म्हणाला.”

मालनबाईंनी पदराने डोळे पुसले. “मगे माझो पोरगो भियालो नाय.”