माझ्या पेडलखालची डबी

मी एक जुनी डिझेलची गाडी आहे. गिअर आपोआप बदलणारी, रंग विटलेली, उजव्या दाराला पोचा आलेली. मित्रांनो, गोड बोलणे मला जमत नाही. डिझेल पिऊन आवाज घोगराच होतो. तेव्हा माझी गोष्ट आहे तशी ऐका आणि चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा.

कारखान्यात पत्रा, काच, रबर आणि तारा जोडून मला उभे केले. मग मी दुकानात काचेमागे उभी राहिले. लोक शेजारच्या लाल गाडीभोवती घोटाळायचे. माझ्यापाशी थांबले ते तात्या. ते लेथ मशीनवर काम करत. मशीनवरून निसटलेल्या लोखंडी दांड्याने त्यांचा डावा पाय कायमचा अधू केला होता. क्लच दाबायला पायच उरला नव्हता. त्यांनी माझ्या सीटवर बसून उजवा पाय पेडलवर ठेवला आणि बायकोला म्हणाले, "एका पायाचं काम आहे हिचं. जमेल आमचं."

जमलेच. जगासाठी मी गाडी होते, तात्यांसाठी त्यांचा डावा पाय.

मी मात्र पहिल्यापासून सावकाश. आमच्या डिझेल इंजिनात हवा कोंबणारा एक छोटा पंखा असतो. तो जोरात फिरू लागेपर्यंत माझ्या अंगात बळ येत नाही. त्यात गिअर मीच बदलायचे, तेही विचार करून. पेडल दाबले की मी आधी श्वास घेते, मग निघते. तात्यांना हे कळायला फार वेळ लागला नाही. ते पेडल एकदाच दाबत आणि वाट बघत. पुन्हा पुन्हा दाबत नसत, शिव्या देत नसत.

घरातून रस्त्यावर यायला फाटकाशी छोटा चढ होता. तात्यांची बायको, जिला गल्लीतले सगळे काकू म्हणत, फाटक उघडायची आणि माझ्या पुढून चालत रस्त्याच्या कडेला जायची. ती चालू लागली की तात्या पेडल दाबत. मी श्वास घेऊन हलेपर्यंत ती बाजूला झालेली असे. मग ती दोन्हीकडे बघून हात करी. आम्हा तिघांचे हे कुणी ठरवले नव्हते, पण ठरलेले होते.

शेजारचा शिंपी एकदा म्हणाला, "काकू, तुमची गाडी निघेपर्यंत आम्ही चहा पिऊन येतो." काकू म्हणाली, "प्या की. येताना आम्हालाही घेऊन या." तात्या हसले, आणि मी पण निघता निघता धुराचा एक लोट शिंप्याकडे सोडला.

सून माझ्यातूनच घरी आली. नात दवाखान्यातून माझ्यातूनच आली, आणि त्या दिवशी तात्यांनी मला इतके हळू चालवले की मागच्या सायकली पुढे गेल्या. दर सुट्टीला ते मला स्वतः धूत. तेल बघत, पाणी बघत, हवेचा फिल्टर काढून आपटून झटकत. त्या दिवसांत लोक म्हणायचे, गाडी ठेवावी तर तात्यांनी.

पुढे तात्या निवृत्त झाले. वाकता येईना, म्हणून माझी देखभाल मुलाकडे गेली. मुलगा वाईट नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसाची गोष्ट सोपी असते. त्याला फक्त वेळ नव्हता. मला धुणारे हात गेले आणि पुसून पुढे जाणारे हात आले. फिल्टर धुळीने बुजला. हवेच्या नळीला चीर गेली. गिअरबॉक्सचे तेल काळे पडले. दमेकऱ्याला जिना चढायला लावावे तशी मी धावू लागले. तात्यांचा पाय पेडल आणखी खोल दाबायला शिकला. "आपण दोघंही म्हातारे झालो गं," ते मला म्हणत. अहो, मी म्हातारी झाले नव्हते. माझे नाक चोंदले होते.

एकदा मुलगा बायकोला आणि लेकीला घेऊन हमरस्त्याला निघाला. ट्रकच्या पुढे जायचे म्हणून बाजूला आला आणि समोरून बस आली. त्याने पेडल तळाला लावले. मी काही उचल घेईना. बसवाल्याने वाट दिली म्हणून निभावले. मुलाने मला कडेला उभे केले आणि मागे वळून लेकीकडे बघितले. ती भीती खरी होती, तिला मी खोटे म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मला गॅरेजमध्ये नेले. म्हणाला, हिचा पिकअप वाढवून द्या. गॅरेजवाल्याने फिल्टर बाहेर काढला आणि म्हणाला, "साहेब, हिच्या नाकात उशी कोंबलीय." त्याने फिल्टर बदलला, नळी बदलली, गिअरबॉक्सचे तेल बदलले. मित्रांनो, तेवढ्याने माझे निम्मे वय उतरले. तिथेच थांबायला हवे होते.

पण थांबतो कोण? गॅरेजवाल्याने ड्रॉवरमधून काडेपेटीएवढी डबी काढली. म्हणाला, ही लावली की जुनी गाडीसुद्धा उडते. पेडल आणि त्याची तार यांच्यामध्ये त्याने ती बसवली. डबी ताकद वाढवत नव्हती, ती फक्त चहाडखोर होती. पाय थोडा दाबला की इंजिनला कळवायची, पुरता दाबला.

"गाडी आणखी कोण चालवतं?" गॅरेजवाल्याने विचारले. "त्यांना सांगून ठेवा बरं का."

"सांगतो," मुलगा म्हणाला.

तो मोकळ्या रस्त्यावर मला पळवत, शीळ घालत घरी आला. तात्या अंगणातच होते. सांगितले असते तर तात्यांनी दहा प्रश्न विचारले असते आणि डबी काढायला लावली असती. मुलाला ते नको होते. त्याने उद्यावर ढकलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेला. काकूला डोळे तपासायला न्यायचे होते. तिने फाटक उघडले आणि नेहमीसारखी माझ्या पुढून चालू लागली. तात्यांनी नेहमीसारखे पेडल दाबले, बुजलेल्या फिल्टरने शिकवले होते तेवढे खोल. डबीने निरोप दिला. मी श्वास न घेता उडी मारली.

तात्यांचा पाय लगेच ब्रेकवर गेला. लगेच. पण अंतरच किती होते? काकू फाटकाच्या खांबावर आपटली. तिचे खुब्याचे हाड मोडले.

शेजारी जमले. कुणी म्हणाले, ब्रेक समजून दुसरंच दाबलं असेल. कुणी म्हणाले, या वयात गाडी द्यायचीच कशाला. सगळ्यांना सगळे ठाऊक होते. मुलगा दवाखान्यातून आला, आधी माझ्यापाशी आला, पेडलखाली वाकला आणि डबी काढून खिशात घातली. मला वाटले, आता हा आत जाईल आणि बोलेल. तो आत गेला. खिडकी उघडी होती. मला ऐकू आले ते एवढेच: "तात्या, वय झालं आता. किल्ली माझ्याकडे द्या."

तात्यांनी किल्ली दिली.

काकू आता वॉकर धरून चालते. एकदा पायरीवर बसून ती म्हणाली, "अहो, तुमचा पाय चुकला नाही. मी वळून बघितलं होतं. तुम्ही ब्रेक दाबत होता."

"तू मला सांभाळून घेतेस," तात्या म्हणाले.

मुलगा दारात उभा होता. त्याने दोघांचेही ऐकले. म्हणाला, "जेवायला चला."

त्या अपघातापासून मी अंगणात उभी आहे; मुलगाही मला बाहेर काढत नाही. बॅटरी उतरली, टायर बसले. शेजाऱ्यांची मांजर टपावर झोपते. मित्रांनो, यंत्राचे नाक साफ ठेवा, तेल वेळेवर बदला, एवढे तर कुणीही सांगेल. मी आणखी एक मागते. दुसऱ्याच्या हातापायांना सवयीची झालेली वस्तू बदललीत, तर त्याला सांगा. सांगायचे राहिले आणि घात झाला, तर मग तरी सांगा. लाज वाटेल. वाटू द्या. लाजेने हाड मोडत नाही.

मला तोंड नाही, आणि आता हॉर्नही वाजत नाही. दुपारी घर निजले की तात्या येतात. काठी बाजूला ठेवून माझ्या सीटवर बसतात. आपला पाय कुठे चुकला ते शोधतात. पेडल, ब्रेक. पेडल, ब्रेक. सुट्टीच्या दिवशी वर मुलाच्या खिडकीचा पडदा हलतो आणि पुन्हा सरळ होतो.

आत्ताही ते आले आहेत. पेडल, ब्रेक. पेडल, ब्रेक. पाय दर वेळी अगदी बरोबर जागी पडतो आहे.