खालच्या समासातला आकडा

कर्ज मिटवून देणाऱ्या सल्लागार बाईंनी पहिल्याच दिवशी सगळं उघड सांगितलं होतं. वयाने त्या माझ्या मुलीएवढ्या, पण बोलणं मुरलेल्या डॉक्टरसारखं. घाबरवणारं नाही आणि चुचकारणारंही नाही.

"काका, पाचही सावकारांचे हप्ते आजपासून थांबवायचे. झेपेल तेवढी रक्कम दर महिन्याला या वेगळ्या खात्यात टाकायची. खातं तुमच्याच नावाचं. पुरेसे साठले की मी एकेकाशी तडजोडीचं बोलेन. आमची फी तडजोड झाल्यावरच. पण पहिले पाच-सहा महिने काही हलतच नाही असं वाटेल. फोन येतील, पत्रं येतील, पत घसरेल. कोर्टाचा कागद आला तर त्याच दिवशी मला कळवा. बाकी एकच करा, आलेलं एकही पत्र टाकू नका. जपून ठेवा."

"जपून ठेवायला यांना सांगायला नको," आमची ही म्हणाली. "लग्नाआधीची बसची तिकिटं अजून आहेत घरात."

मी पुस्तकबांधणी करतो. कागद कापायचं मोठं यंत्र कर्जावर घेतलं आणि नेमकी कामं आटली. मग हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. पुढे याची टोपी त्याच्या डोक्यावर करता करता पाच सावकार झाले. वाचनालयाचं पुस्तक मुदतीच्या आदल्या दिवशी परत करणारा मी माणूस. हप्ता मुद्दाम चुकवायचा, हे माझ्या हातून होईल असं मला वाटत नव्हतं.

झालंही नसतं. दुसऱ्या आठवड्यात सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन आला. पलीकडचा माणूस इतका अदबीने बोलत होता, की मी उद्याच पैसे भरतो असं कबूल करून बसलो. हिने फोन माझ्या हातातून घेतला.

"दादा, आम्ही तडजोडीच्या योजनेत आहोत. काय असेल ते लेखी पाठवा."

ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "उद्या कुठून भरणार होतात?"

"तसं नाही गं. तो इतकं चांगलं बोलत होता..."

"गोड बोलण्याचाच पगार मिळतो त्याला."

तेव्हापासून फोन तिच्याकडे. तो माणूस रोज त्याच वेळी फोन करायचा, म्हणून हिने त्याचं नाव नऊदहा ठेवलं. महिन्याभरात तिला त्याचा खोकलासुद्धा ओळखीचा झाला. "गरम पाणी प्या दादा," ती सांगायची, "आणि लेखी पाठवा." दुकानातल्या रेडिओचे सेल संपले तेव्हा घड्याळ मी त्याच्या फोनवर लावत होतो.

पत्रं मात्र माझ्याकडे. पाचव्या महिन्यात ती दीडशेच्या घरात गेली. लहानमोठी, चुरगळलेली, कडा दुमडलेली. ती चळत रोज डोळ्यांत खुपायची. शेवटी एका मंगळवारी मी ती तारखेप्रमाणे लावली, दोऱ्याने शिवली, पाठीच्या बाजूला खळ भरली, शिकंज्यात दाबली आणि तिन्ही कडा यंत्रावर कापून घेतल्या. निळं कापड चढवलं. चांगली बांधणी झाली होती, हे मी स्वतःबद्दल सहसा म्हणत नाही.

"कर्जाला एवढं नटवलेलं मी पहिल्यांदाच बघतेय," ही म्हणाली. पण हात फिरवून बघितलाच तिने.

गुरुवारी दुपारी तीनला सल्लागार बाईंचा फोन आला. हिने तो माझ्या कानाला लावला.

"काका, पहिली तडजोड! यंत्राचं कर्ज. निम्म्याहून कमीत मिटवायला तयार आहेत आणि खात्यात तेवढे जमलेत. गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं असेल. त्यात अगदी तळाला बारीक अक्षरात संदर्भ क्रमांक आहे, तो सांगा. पाचच्या आत कळवायचंय."

"नाही कळवला तर?"

"तर ही रक्कम रद्द. फाइल वकिलाकडे जाईल आणि नव्याने बोलावं लागेल. पुन्हा एवढ्यावर येतील याची खात्री नाही."

मी निळं पुस्तक उघडलं. ते पत्र मिळालं. तळाला माझी सरळ, गुळगुळीत, देखणी कड होती. सुरी बरोबर त्या ओळीच्या मधून गेली होती. आकड्यांचे फक्त माथे उरले होते. तीन की आठ, शून्य की नऊ, काही कळायला मार्ग नव्हता.

"दहा मिनिटांत सांगतो," मी म्हणालो आणि मटकन स्टुलावर बसलो. चाळीस वर्षं लोकांचे कागद कापले, एक अक्षर कधी गेलं नाही. आणि स्वतःचाच एक कागद...

"रडायला संध्याकाळ मोकळी आहे," ही म्हणाली. "कातरण कुठंय?"

कोपऱ्यात कातरणाचं पोतं होतं, गळ्यापर्यंत भरलेलं. त्यात आठवड्याभराच्या सगळ्या कामांच्या पट्ट्या, हजारोंनी. तिने पोतं जमिनीवर उपडं केलं आणि मुठी भरभरून चाळायला लागली.

तेव्हा माझं डोकं चाललं. "सुट्या पट्ट्या नको बघूस," मी म्हणालो. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "कडा कापल्या तेव्हा खळ वाळलेली होती. खालची पट्टी पाठीशी चिकटलेली असते. ती सुटत नाही, वहीसारखी एकत्र पडते. करंगळीएवढी वही शोध."

"ही?"

तीच होती. बोटभर रुंद, एका टोकाला चिकटलेली, पानांच्या क्रमानेच लागलेली. मोठ्या पुस्तकात ते पत्र एकशे सदतिसावं. मी छोट्या वहीत मोजत गेलो आणि एकशे सदतिसाव्या पट्टीवर थांबलो. थोडा पिवळसर, जाड कागद. त्याच सावकाराचा. पट्टी पानाच्या कडेला लावली तसे आकड्यांच्या माथ्यांना पाय फुटले.

"आठ," ही वाचायला लागली. "शून्य. परत आठ..."

"थांब. मी सांगतो त्यांना."

"तुम्ही?"

मी नंबर लावला. अकरा आकडे एकेक करून सांगितले, त्यांनी ते परत म्हणून दाखवले, मी हो म्हणालो. चार वाजायला पाच मिनिटं होती. साडेचारला त्यांचा फोन आला: मंजूर झालं, लेखी कागद हाती आला की मगच खात्यातून पैसे जातील. "पाचातला एक गेला, काका. आणि पुढच्या वेळी पत्रं पिशवीत ठेवा."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. नऊदहा हा चौथ्या सावकाराचा माणूस, त्याचं अजून बाकी होतं. हिने हात पुढे केला, पण मी आधीच उचलला होता.

"नमस्कार," मी म्हणालो. "आम्ही योजनेत आहोत. तुमचीही पाळी येईल. काय असेल ते लेखी पाठवा."

पलीकडे तो जरा खोकला. "काका, आज तुम्ही?"

"हो, मीच. आणि एक विनंती आहे. पत्राच्या तळाला दोन बोटं समास सोडत चला."