एरंडेलाची वाटी

गुणाबाईनं एरंडेलाची वाटी खाटेजवळ ठेवली, बांगड्या मागं सारल्या आणि विशाखाच्या पोटावरची चादर काढली. विशाखानं खसकन तिचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही."

"तोरा बघ मास्तरणीचा!" दारातून विशाखाची सासू गौरम्मा कडाडली. "डेंगू झाला म्हणं. परवाच उतरला की ताप! आता सैपाकाची येळ झाली की पोट दुखून राहिलंय. बेंबी सरकली आसंल. चोळ गं गुणा तू."

गुणाबाईला मनातून गुदगुल्या झाल्या. सरकलेली बेंबी जागेवर बसवावी तर तिनंच, असं देगलूरपर्यंत नाव होतं. आणि शाळेतल्या याच बाईनं गेल्या वर्षी त्या नावाला बट्टा लावला होता. गुणाबाईची लेक आरती डेंग्यूनं गेली, तेव्हा मातीला जमलेल्या बायकांसमोर हिनं विचारलं होतं, "पोट चोळलं होतं का तुम्ही?" बोटसुद्धा लावलं न्हाई, अशी देवाची शपथ घेऊन गुणाबाई मोकळी झाली होती. तेव्हापासून दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आज बाई आयती सापडली होती.

"सोड," ती म्हणाली.

धरून ठेवायला विशाखाच्या अंगात ताकद कुठली! मनगट आपोआप सुटलं.

गुणाबाईनं तेलाची बोटं हलकेच टेकवली. बेंबीपासून ती डाव्या फासळीखाली सरकली आणि तिथंच थांबली. तिथं काहीतरी टणक लागत होतं. विशाखा कळवळून आखडली. तिचे पाय गार पडले होते आणि कपाळावर घाम डवरला होता. त्या बोटांना हे पोट ओळखीचं होतं.

तिनं हात काढून घेतला. पदराला पुसला. पुन्हा पुसला.

"गाडी बोलवा. नांदेडला न्या हिला, आत्ताच्या आत्ता."

"आन् चोळायचं?"

"चोळलं तर मरंल."

"तू काय डॉक्टर हायस?" गौरम्मा उसळली. "ह्या नाटकी बाईपायी नांदेड गाठू का मी? तुला काय ठावं गं?"

विशाखा उशीवरून गुणाबाईकडंच बघत होती. त्या नजरेचा तिला अजूनही रागच आला. तिनं वाटी उचलली.

"माझी आरती बी ताप उतरल्यावर आसंच म्हणली होती," ती म्हणाली. "हात लावू नको म्हणून. मी चोळलं."